मुलाच्या गाठीला सुई लावावी का? साडेतीन वर्षांच्या भाचीच्या मामांना उत्तर

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका मामांचा आहे. भाची साडेतीन वर्षांची. अंघोळ घालताना आईच्या हाताला तिच्या पोटात डावीकडे कडक गाठ लागली. सोनोग्राफी झाली, मग सीटी झाला. रिपोर्टात लिहिलंय की गाठ मूत्रपिंडाच्या वरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून आल्यासारखी दिसते, पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला तिने वेढलंय, न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांमधला, कोवळ्या मज्जापेशींतून होणारा कर्करोग) असावा. मुलांच्या कर्करोगाच्या डॉक्टरांनी सुईने बायोप्सी, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा घ्यायला, सांगितलीय. आजी म्हणते, "गाठीला डिवचलं की ती चवताळते, सुई लावू देणार नाही." तालुक्याचे एक सर्जन म्हणतात, सुईत वेळ कशाला घालवता, पोट उघडून गाठच काढू. मामांना कळत नाहीये, ऐकायचं कुणाचं.

मी लहान मुलांची सर्जन आहे. कर्करोग झालेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया करण्यात वीसेक वर्षं गेली. उत्तर आधी देऊन टाकते, कारणं मागून सांगते. मामा, या मुलीची सुईची बायोप्सी करून घ्या. ती बारीक सुईची नको (तिच्यात नुसत्या सुट्या पेशी येतात), जाड सुईची हवी (तिच्यात गाठीचा तुकडा येतो). आणि जिथे पुढचे उपचार घ्यायचे ठरलेत तिथेच ती व्हायला हवी. लोक पहिल्या गोष्टीवर भांडतात आणि तिसरी विसरतात. माझ्या अनुभवात मुलांचं नुकसान झालं ते बहुतेक वेळा तिसरी विसरल्यामुळे.

आधी "सरळ काढूनच टाकू" याबद्दल. मुख्य रक्तवाहिनीला वेढा घातलेली गाठ म्हणजे पोत्यातून बटाटा काढावा तशी निघणारी वस्तू नाही. यकृताला, आतड्याला, मूत्रपिंडाला जाणाऱ्या शाखा त्याच गाठीतून वाट काढत गेलेल्या असतात. पहिल्याच दिवशी तिथे हात घातला तर रक्तस्राव तरी होतो, चांगलं मूत्रपिंड तरी जातं, नाहीतर निम्मी गाठ आत ठेवून पोट शिवावं लागतं. हीच गाठ केमोचे काही डोस झाल्यावर आकसते, घट्ट होते, रक्तवाहिन्यांपासून सुटी करता येते. तेव्हा तीच शस्त्रक्रिया निम्म्या धोक्यात होते असं मी म्हणेन, आणि असं म्हणणारी मी एकटी नाही. न्यूरोब्लास्टोमात सीटी-एमआरआयवर दिसणाऱ्या अशा धोक्याच्या खुणांची एक आंतरराष्ट्रीय यादीच आहे. रक्तवाहिनीला पडलेला वेढा त्या यादीत आहे, आणि तो दिसला की आधी बायोप्सी, मग केमो, मग शस्त्रक्रिया हा क्रम धरतात.

शिवाय सीटी चुकू शकतो. ज्या गाठीला न्यूरोब्लास्टोमा म्हटलंय ती कधी विल्म्स (मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग) निघते, कधी लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग). बर्किट लिम्फोमा तर असा की एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो, आणि केमो सुरू झाली की तितक्याच झपाट्याने वितळतो. त्या मुलाचं पोट उघडून गाठ काढत बसणं म्हणजे त्याला मोठा व्रण देणं आणि ज्या औषधाने तो बरा होणार ते लांबवणं.

पण न्यूरोब्लास्टोमाच आहे असं धरलं, तरी नुसतं नाव पुरत नाही. या आजाराइतकी दोन टोकांची वागणूक मुलांच्या दुसऱ्या कुठल्याही गाठीत मी पाहिली नाही. काही तान्ह्या बाळांमध्ये ही गाठ आपोआप विरते, नुसती नजर ठेवावी लागते. दुसरीकडे काही मुलांना केमो, शस्त्रक्रिया, स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण, रेडिएशन आणि त्यानंतर इम्युनोथेरपी एवढं सगळं लागतं. सीटीवर दोघांच्या गाठी सारख्या दिसू शकतात. फरक कळतो तो वय, आजाराचा पसरलेपणा आणि गाठीच्या पेशींतल्या जनुकांवरून. एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्या (पाचातल्या एखाद्या मुलात तसं असतं) तर उपचार एकदम जोरदार करावे लागतात. हे ना रक्तात नक्की कळतं, ना पेट स्कॅनमध्ये. पेट आणि एमआयबीजी (किरणोत्सारी औषध टोचून काढायचे) स्कॅन आजार कुठे कुठे आहे ते दाखवतात. लघवीतल्या व्हीएमए-एचव्हीए (ही गाठ सोडते ती रसायनं) तपासण्या संशय बळकट करतात. अस्थिमज्जेत पेशी सापडल्या तर निदानालाही हातभार लागतो. तरी गाठीचा तुकडा हातात असला की उपचार ठरवणाऱ्याला जो भरवसा येतो तो दुसऱ्या कशानं येत नाही.

आता आजींची भीती. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती डोळ्यांनी पाहिलेल्यावरून आलेली असते. पूर्वी काय व्हायचं? गाठ दिसायची, कुणीतरी सुई लावायचा, रिपोर्टात कॅन्सर यायचा, मग घरचे घाबरून वैदू, बाबा, जडीबुटी करत दोन-तीन महिने काढायचे. तोवर गाठ दुप्पट. गावाच्या लक्षात राहिली ती सुई, मधले दोन महिने कुणी मोजले नाहीत. आजींना असं सांगून बघा : गाठ सुईनं वाढत नाही, सुईनंतर आपण जे थांबतो त्यानं वाढते.

सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथे नवी गाठ धरणं, हे मुलांच्या गाठींमध्ये फार विरळा. यामागे साधी कारणं आहेत. बायोप्सीनंतर थोड्याच दिवसांत केमो सुरू होते आणि ती सुईच्या वाटेवरही पोचते. दुसरं, आजकाल सुईतून सुई घालतात. बाहेरची नळीसारखी सुई एकदाच गाठीपर्यंत नेऊन ठेवायची आणि तिच्यातून आतली सुई पुन्हा पुन्हा घालून तुकडे घ्यायचे. त्यामुळे चार-सहा तुकडे घेतले तरी वाट एकच राहते, आणि निघताना ती वाट जेलफोमने (रक्त थांबवणाऱ्या स्पंजासारख्या पदार्थाने) बुजवताही येते. आणि तिसरं सांगायला जड जातं, पण न्यूरोब्लास्टोमाच्या साधारण निम्म्या मुलांमध्ये निदान होतं तेव्हाच आजार रक्तावाटे हाडांत किंवा मज्जेत गेलेला असतो. तो सुईने नेलेला नसतो.

तरीही आजी शंभर टक्के चूक नाहीत. काही गाठी अशा आहेत की त्यांना सुई लावायचीच नाही, आणि हे डॉक्टरांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा त्यात पहिला. बाहुलीत मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते तो. डोळ्याचं आवरण हीच त्या आजाराची कुंपणभिंत आहे, सुईने भोक पाडलं की आजार डोळ्याबाहेर येऊ शकतो. तिथे भूल देऊन डोळा तपासणं, सोनोग्राफी आणि एमआरआय यावर निदान होतं. तुकडा घेत नाहीत. मुलाच्या अंडकोषातली गाठ दुसरी. अंडाच्या पिशवीतून तिथे सुई कधीच घालायची नाही, रक्तात एएफपी आणि बीटा-एचसीजी (अशा गाठींत वाढणारे पदार्थ) बघायचं आणि जांघेतून छेद घेऊन अंड काढायचं. मुलीच्या अंडाशयातली गाठही शक्यतो न फोडता, न टोचता अख्खी काढतात.

मूत्रपिंडातल्या विल्म्सच्या बाबतीत तर जगाचे दोन पंथ आहेत, आणि तुम्ही दोन डॉक्टरांकडे गेलात तर दोन उत्तरं मिळतील. घाबरू नका, दोघंही बरोबर असू शकतात. अमेरिकी पद्धतीत जमेल तिथे आधी शस्त्रक्रिया करतात. तिथे शस्त्रक्रियेआधी सुई लावली की आजाराची पायरी (स्टेज) तिसरी धरली जाते आणि मग रेडिएशन मागे लागतं, म्हणून ते सुई टाळतात. युरोपातली सिओप पद्धत वेगळी. वय आणि सीटी दोन्ही विल्म्सला साजेसे असले तर बायोप्सी न करताच साधारण चार आठवडे केमो देऊन मग शस्त्रक्रिया. वय बसत नसेल किंवा चित्र विचित्र असेल तरच सुई, तीही पाठीकडून, पोटाची पोकळी टाळून. त्या पद्धतीत सुईमुळे पायरी वाढत नाही, पोट उघडून तुकडा घेतला तर वाढते. आपल्याकडे दोन्ही पद्धती चालतात. तुमच्या भाचीचं मूत्रपिंड सीटीत वेगळं, नुसतं खाली ढकललेलं दिसतंय, त्यामुळे हा पेच तिला लागू नाही. हे लिहिलं ते अशाच दुसऱ्या मुलाचे आईवडील वाचतील म्हणून.

यकृतात नुसती पाण्याची गाठ असेल आणि घरात कुत्रे-मेंढरं असतील तर तिला टोचण्याआधी हायडॅटिडचा (कुत्र्यांकडून येणाऱ्या जंताच्या गाठीचा) विचार झालाय ना, हे विचारावं. ती गाठ तयारीशिवाय टोचली तर तीव्र ॲलर्जीचा धोका असतो.

हाडांबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं. इथे सुई कुठे टोचली यावर पाय राहणार की जाणार हे ठरतं. ऑस्टिओसार्कोमा आणि ईविंग हे हाडांचे कर्करोग बहुतेक करून शाळकरी वयात दिसतात, ऑस्टिओसार्कोमा तर विशेषतः गुडघ्याच्या आसपास. मुलगा कबड्डी खेळताना पडला, गुडघा सुजला, मालीश झाली, मग एक्स-रे. या गाठींमध्ये बायोप्सीची वाट पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच कापून काढावी लागते. म्हणून शेवटची शस्त्रक्रिया जो करणार त्यानेच सुईची जागा ठरवायची असते. १९८२ साली अमेरिकेत मँकिन आणि सहकाऱ्यांनी हाडांच्या आणि स्नायूंच्या गाठींच्या ३२९ रुग्णांचा हिशेब मांडला होता. साडेचार टक्के रुग्णांचा अवयव चुकीच्या बायोप्सीमुळे विनाकारण कापावा लागला होता. या चुका उपचार करणाऱ्या केंद्रापेक्षा आधीच्या ठिकाणी कितीतरी जास्त झाल्या होत्या. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं, चित्र फारसं बदललं नव्हतं.

माझ्याकडे एक बारा वर्षांचा मुलगा आला होता. मांडीवर आडवा छेद, आत रक्त साठलेलं, आणि रिपोर्ट ऑस्टिओसार्कोमा. ज्यांनी छेद घेतला त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना लवकर निदान करायचं होतं. पण उभ्या मांडीत आडवा छेद आणि पसरलेलं रक्त म्हणजे काढायची कातडी आणि स्नायू दुप्पट. केमो चांगली लागू पडली, आमच्या हाडांच्या सर्जनने अकरा तास झगडून पाय वाचवला, पण तो मुलगा आज जिना चढतो तो कठड्याला धरून. त्याच जागी एक जाड सुई, नीट ठरवलेल्या ठिकाणी, पुरली असती.

मानेच्या गाठींची आपल्याकडची गोष्ट वेगळीच. क्षयरोग इतका आहे की मानेत गाठ म्हणजे टीबी, असा हिशेब धरून तुकडा न तपासताच गोळ्या सुरू होतात. सहा महिने गोळ्या झाल्या, गाठ तशीच, आणि मग कळतं की हॉजकिन लिम्फोमा होता. गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, कडक असेल, हंसळीच्या हाडाच्या वर असेल, सोबत ताप, घाम, वजन घटणं असेल, तर गोळ्यांआधी तुकडा हवा. आणि इथे मी बारीक सुईवर समाधान मानत नाही. बारीक सुईच्या एफएनएसीत सुट्या पेशी येतात, टीबी ओळखायला त्या पुष्कळदा पुरतात. हॉजकिनमध्ये मात्र रोगाच्या खऱ्या पेशी थोड्या आणि विखुरलेल्या असतात, गाठीची घडणच बघावी लागते. शक्य असेल तर अख्खी गाठच काढून द्यावी. सुईच लावायची तर जाड, आणि तुकडे भरपूर.

आणि स्टेरॉइड. हे मी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला हात जोडून सांगते. मूल धापतंय, एक्स-रेत छातीच्या मधोमध सावली आहे, अशा मुलाला दमा समजून डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन देऊ नका. लिम्फोमा आणि ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत विरघळतात. मुलाला बरं वाटतं, आईवडील खूश होतात, आणि आम्ही सुई घालतो तेव्हा हाताला येतात मेलेल्या पेशी. नाव न कळलेला आजार महिन्या-दोन महिन्यांनी परततो. अशा मुलाला उताणं झोपवून भूल देणंही जिवावरचं असतं, कारण गाठ श्वासनळीवर पडते. म्हणून आधी छातीतलं पाणी, मानेतली वरवरची गाठ, अस्थिमज्जा, जिथून सोपं तिथून निदान शोधायचं, आणि सुई लावावीच लागली तर बसवून, जागा बधिर करून.

आता तुमच्या भाचीच्या बायोप्सीच्या दिवसाकडे येऊ. त्याआधी तिचं रक्तदाब, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी होईल. प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर हव्यात, कमी असल्या तर आधी चढवतात. भुलीसाठी उपाशी ठेवतील : जेवण, बिस्किट आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध पातळ आहे म्हणून पाण्यात धरू नका. पहाटे मायेपोटी कुणीतरी अर्धा कप दूध पाजतं आणि अख्खी बायोप्सी दुसऱ्या दिवसावर जाते, असं किती वेळा झालंय.

मुलीला खोटं सांगू नका. "बाजारात चाललोय" म्हणून आणलेलं मूल पुढचं वर्षभर दवाखान्याच्या दारातूनच रडतं, आणि तिला तर या दारातून खूप वेळा यायचंय. "पोटात गाठ आहे, डॉक्टर तुला झोपवतील आणि बघतील, उठलीस की आई जवळ असेल" एवढं साडेतीन वर्षांच्या मुलीला कळतं. सलाईनची सुई टोचायच्या तासभर आधी हातावर बधिर करणारं मलम लावून घ्या. बहुतेक ठिकाणी असतं, पण मागितल्याशिवाय लागेलच असं नाही.

भूल दिल्यावर सोनोग्राफी चालू ठेवून सुई गाठीच्या जिवंत भागात नेतात. गाठीचा मधला भाग पुष्कळदा मेलेला असतो, तिथून घेतलेला तुकडा काही बोलत नाही. डॉपलरवर रक्तवाहिन्या बघत त्यांना चुकवत जायचं असतं. सुई १६ किंवा १८ गेजची, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची. निघालेला तुकडा दीड-दोन सेंटिमीटर लांब, शेवईच्या काडीएवढा दिसतो. कातडीवर राहतो तो एक ठिपका, टाकासुद्धा लागत नाही. याच भुलीत दोन्ही कुल्ल्यांच्या हाडांतून अस्थिमज्जा घेऊन टाकायला सांगा, आणि निदान जवळपास नक्की असेल तर केमोपोर्टही (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवायची डबी) तेव्हाच बसवता येईल का ते विचारा. एक भूल वाचली तर वाचवावी.

नंतर चार-सहा तास तिला झोपवून नाडी, रक्तदाब, पोट बघत राहतात. सुईच्या जागी थोडं दुखेल, पॅरासिटामॉल पुरतं. घरी गेल्यावर ती पांढरी पडली, गळून गेली, पोट फुगलं किंवा दुखणं वाढत चाललं, तर सकाळची वाट न बघता परत आणा. रक्तस्राव होतो तो थोड्याच मुलांत, पण होतो. आतून सावकाश होणारा रक्तस्राव आईच्या नजरेला मॉनिटरच्या आधी कळतो, हे मी अनुभवाने सांगते.

तुकड्यांचं पुढे काय होतं यावर नातेवाईक कधी बोलत नाहीत, तुम्ही बोला. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाच्या गाठीचे सगळे तुकडे फॉर्मेलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या) एकाच बाटलीत टाकले. नंतर क्षयाची शंका आली आणि कल्चरला पाठवायला काही उरलं नव्हतं, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. त्या मुलाला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली. तेव्हापासून माझ्या टेबलावर आधी ठरतं, मग सुई उचलली जाते : बहुतेक तुकडे फॉर्मेलिनमध्ये, क्षयाची शंका असेल तर एखादा साध्या सलाईनमध्ये, जनुकांच्या तपासणीला लागेल तेवढा ताजा वेगळा. पॅथॉलॉजिस्ट खोलीत असेल तर एक तुकडा काचेवर टेकवून लगेच सांगतो की पेशी जिवंत आहेत की आणखी तुकडे हवेत.

सूक्ष्मदर्शकाखाली न्यूरोब्लास्टोमा, ईविंग, लिम्फोमा, रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंचा कर्करोग) हे सगळे लहान, गोल, निळ्या पेशींचे थवे दिसतात. एकमेकांपासून वेगळे करायला खास रंगांच्या तपासण्या लागतात, ज्यांना इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. प्रत्येक तपासणीला तुकड्याचा एक काप जातो. दोन बारीक तुकड्यांवर दहा तपासण्या बसत नाहीत, म्हणून जाड सुई आणि म्हणून जास्त तुकडे. पहिलं निदान यायला साधारण आठवडा धरा, एमवायसीएनला त्याहून जास्त.

दहातल्या नऊहून अधिक मुलांमध्ये जाड सुईने निदान होतं. तुमच्या वाट्याला "तुकडा अपुरा" असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ "कॅन्सर नाही" असा घेऊ नका. पुन्हा सुई, किंवा दुर्बिणीतून किंवा छोट्या छेदातून तुकडा, हा पुढचा टप्पा, आणि तो त्याच आठवड्यात.

पुढे कुठेही गेलात तरी मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, आणि स्लाइड सोबत न्या. नुसत्या कागदावर दुसरं केंद्र केमो सुरू करत नाही. मुंबईत परळचं टाटा रुग्णालय असो की नॅशनल कॅन्सर ग्रिडमधलं (देशातल्या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यातलं) जवळचं केंद्र, तिथले पॅथॉलॉजिस्ट ब्लॉकवरून स्वतः पुन्हा बघतात. ब्लॉक परत मिळाल्याची नोंद ठेवा, तो वर्षानुवर्षं लागतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर बायोप्सीच्या आधीच आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) भेटा आणि कुठला खर्च योजनेत बसतो, कुठला आधी भरावा लागतो हे विचारून घ्या. मंजुरीला मुलीचं आधार आणि रेशनकार्ड लागेल, नाव चुकलं असेल तर आजच दुरुस्तीला टाका.

आणि मामा, आजींना सोबत घेऊन या. बायोप्सीच्या खोलीबाहेर बसू द्या, मुलगी शुद्धीवर येईल तेव्हा तिच्या पोटावरचा तो एक ठिपका त्यांना दाखवा.